संचिताचा काढा

मिरा रोडच्या दवाखान्यात दशरथराव स्वतःच्या शुगरचा रिपोर्ट घेऊन बसले होते. शेजारी सासूसुनेचं चाललं होतं, आणि कानांना काही पापण्या नसतात.

"संचिता धडधाकट आहे गं. तिला औषध कसलं?"

"आई, रक्तात दिसलंय. तिच्याच पांढऱ्या पेशी स्वादुपिंडावर उठल्यात. तिच्या दादाचं, अभिनवचंही असंच झालं, आपल्याला उशिरा कळलं. आता त्याला रोज इन्सुलिनच्या सुया."

"म्हणजे सोसायटीचा वॉचमनच रहिवाशांना बडवतोय?"

"तसंच. औषध त्याला आवरतं. सुया दोन-तीन वर्षं तरी लांबतील."

"आणि मग?"

"मग टोचायचंच. पण तोवर जरा मोठी होईल ना."

"आणि मी तिला रोज प्रतिकारशक्तीचा काढा पाजतेय. म्हणजे वॉचमनला खुराक! अभिनवलाही पाजायचे."

"काढ्यानं हे होत नाही, आई."

"नक्की?"

"डॉक्टरांना विचारलंय मी."

"कधी?"

"अभिनवच्या वेळी."

"...मला बोलली नाहीस."

"काय बोलणार?"

"बरं. संचिताला औषध देऊन टाकू. आपला नंबर कधी?"

"या काकांच्या नंतर."

"तुम्ही जा आधी," दशरथराव स्वतःचा रिपोर्ट खिशात कोंबत म्हणाले, जरा जास्तच घाईनं.