मागच्या बाजूची पन्हळ

पत्रेवाला : काका, टेप नीट धरा. तुमचं बोट सरकलं की माझा पत्रा कमी पडतो.

काका : सरकलेलं नाही. किती भरली समोरची बाजू?

पत्रेवाला : मागच्या वर्षी भरली तेवढीच. घर काही वाढत्या वयाचं नाही.

काका : तरी मोजायचं. मोजल्याशिवाय भाव करू नये.

पत्रेवाला : चार वर्षं मोजतोय. माझ्या घरापेक्षा तुमच्या छपराची मापं जास्त पाठ झालीत मला.

काकू : अहो, त्याला खाली तरी उतरू द्या. शिडीवर टांगून कसला भाव करता?

काका : शिडीवरचा माणूस लवकर मान्य करतो.

पत्रेवाला : हा घ्या, उतरलो. आता ऐका. छपराच्या कडेची ही पन्हळ संपली. भोकांना नुसते डाग देऊन, झाळून भागायचं नाही. वर सांध्यात एक रोप उगवलंय, चांगलं वीतभर. ते उपटलं तर पन्हळ खाली येईल. त्यानंच धरून ठेवलीय.

काका : मग राहू दे की रोप.

काकू : रोप राहू दे, आणि आम्ही? भिंत ओली म्हणून पलंग खोलीच्या मधोमध आणलाय रे. चौकातल्या पुतळ्यांसारखे झोपतो आम्ही दोघं.

काका : हवा खेळते चहूबाजूंनी. तू भाव बोल.

पत्रेवाला : समोरची आणि बाजूची. पत्रा, पन्हळ टांगायचे आकडे, सांधे, खाली उतरणारा पाइप, मजुरी, सगळं धरून बेचाळीस हजार. मागची धरली तर वर बारा.

काका : मागची काढ.

पत्रेवाला : ती तुम्ही दरवर्षी सगळ्यात आधी काढता.

काका : मागे आहे काय? धुण्याचा दगड. त्याला पाण्याचं कसलं भय?

काकू : दगडाला नाही. दगडापाशी वाकणाऱ्याच्या मानेला आहे. पण चालू द्या तुमचं.

काका : तीस.

पत्रेवाला : तीस हजारांत नुसता पत्रा येतो. तो बसवायला मग तुम्ही चढा.

काका : बघू तरी तुझा पत्रा. केवढासा जाड असतो ते मला ठाऊक आहे. थांब, चष्मा आणतो.

काकू : गेले. चष्मा कपाळावर आहे, त्यामुळे सापडायला वेळ लागेल. तेवढ्यात ऐक. तू तीसला हो म्हण.

पत्रेवाला : काकू, बारा हजारांची खोट सोसायला मी काय तुमचा जावई आहे?

काकू : बारा मी देते. शिलाईचे साठवलेत. हे घे, पिशवीत टाक. तिथे नको, हत्यारांच्या खाली.

पत्रेवाला : अहो, मग त्यांनाच सरळ सांगा ना, देऊन टाका बेचाळीस म्हणून.

काकू : सांगितलं असतं. पण जन्म खरेदी खात्यात गेला त्यांचा. टाचणी घ्यायची तरी तीन दुकानं पालथी घालायची. आणि आता घरी बसले, तर भाजीवालीनंसुद्धा भावाच्या पाट्या लावल्या. कुठे म्हणून घासाघीस करू देत नाहीत रे त्यांना. तूच एक उरलायस.

पत्रेवाला : म्हणजे चार वर्षं मी मापं घेत नव्हतो, करमणूक करत होतो.

काकू : चहा मिळाला ना दरवर्षी? आणि हे बघ, लगेच कबूल होऊ नकोस. शिडी उचलून दोनदा निघून जा.

पत्रेवाला : एकदा जातो. शिडी जड आहे.

काकू : माझं नाव मात्र निघता कामा नये. शपथ आहे तुला.

काका : अगं, चष्मा कुठे ठेवलास माझा?

काकू : कपाळावर.

काका : मघाशी नव्हता तिथे.

काकू : आत्ताच आला असेल. मी चहा टाकते.

काका : याच्या कपात साखर जास्त घाल. बोलणं गोड होतं का बघू. ... गेली का? इकडे ये, पाइपाच्या आड.

पत्रेवाला : आता काय, काका?

काका : हळू बोल. चार वर्षांपूर्वी तू मला किती सांगितले होतेस?

पत्रेवाला : तीस. तुम्ही पंचवीसला अडून बसलात.

काका : तेच. हिला मी सांगितलं की तो चाळीस मागतोय, मी जरा ताणलं की तीसवर येईल. मी ताणत बसलो आणि तू चढत गेलास.

पत्रेवाला : मी नाही चढलो, पत्रा चढला.

काका : कोणी का चढेना. आता तिला बेचाळीसचा आकडा दिला तर माझं काय राहिलं? तेव्हा तिच्यासमोर तू तीसला ये. हे बारा वेगळे घे. पेन्शनीतून बाजूला काढलेत.

पत्रेवाला : नको काका. ठेवा ते. मी असाच येतो तीसला.

काका : असाच? असाच कसा येशील?

पत्रेवाला : जुनं गिऱ्हाईक म्हणून.

काका : म्हणजे तीसला तुला परवडतं. आणि मला बेचाळीस सांगत होतास, माझ्याच दारात उभा राहून?

पत्रेवाला : नाही हो, परवडत नाही.

काका : परवडत नाही तर घे. घेत नसशील तर परवडतं, आणि परवडत असेल तर मी अठ्ठावीस देणार.

पत्रेवाला : द्या. द्या इकडे.

काका : पिशवीत टाक. हत्यारांच्या खाली.

पत्रेवाला : तिथे आता जागा कमी आहे.

काका : आणि हिला कळता कामा नये. शपथ आहे.

पत्रेवाला : एका पन्हळीपायी किती शपथा घालाल हो माणसाला.

काका : एकच तर घातली.

काकू : चहा घ्या. काय ठरलं?

काका : ठरतंय काय? हटवादी आहे हा. मी म्हटलं तीस, म्हणजे तीस.

पत्रेवाला : आणि मी म्हटलं बेचाळीस. जमत नसेल तर राहिलं. ही उचलली शिडी.

काकू : अरे, चहा तरी पी.

काका : जाऊ दे त्याला. फाटकापर्यंत जाऊन परत येतो की नाही बघ.

काकू : अहो, खरंच गेला तर?

काका : जात नाही. माणूस ओळखायला शिकलोय मी. बघ, थांबला. बघ, वळला.

पत्रेवाला : काका, पस्तीस.

काका : तीस. आणि वर काहीतरी टाक.

पत्रेवाला : तुमच्यापुढे कोणाचं चाललंय? लिहा तीस. शिडी धरा जरा, खांदा गेला माझा.

काका : पाहिलंस?

काकू : पाहिलं. बाई, बाई, बारा हजार तोडलेत. मला नसतं जमलं.

(नवी पन्हळ लागली आहे. पत्रेवाला छपरावरून बादलीनं पाणी ओततो आहे.)

पत्रेवाला : येतंय का खाली, काका?

काका : येतंय. बाजूच्या पाइपातून छान येतंय.

काकू : आणि इकडे मागूनही येतंय. अहो, मागेही पन्हळ आहे.

काका : मागे? ए, खाली उतर. मागची कोणी सांगितली तुला?

पत्रेवाला : तुम्हीच. वर काहीतरी टाक म्हणालात ना?

काका : ते मी सगळ्यांनाच म्हणतो. आजवर कोणी टाकलं नाही.

पत्रेवाला : मी टाकलं. काकूंनी दगडापाशी उभं राहून बघावं, मान कोरडी राहते की नाही.

काकू : पण बारा हजारांचं काम आहे हे. तुझी खोट?

पत्रेवाला : माझा हिशेब चोख आहे, काकू. तुमच्या दोघांपैकी कोणाचं काही देणं नाही, माझ्याकडे कोणाचं घेणं नाही. आता मला जाऊ द्या. भिंत नीट वाळल्याशिवाय पलंग भिंतीला लावू नका.

काका : गेला. शिडी घेऊन पळाल्यासारखा गेला.

काकू : काम झालं, थांबून काय करणार?

काका : अगं, मी खरेदी खात्यातला माणूस. एवढी लांब पन्हळ कोणी फुकट देत नाही.

काकू : मलाही तसंच वाटतं.

काका : विचारायला हवं होतं त्याला, परवडलं कसं म्हणून.

काकू : विचारा की. हाक मारू?

काका : नको. उगाच तो काहीतरी बोलायचा.

काकू : हो. फार बोलतो तो.

काका : ... तुझं ते शिलाईचं नवं यंत्र यंदा घ्यायचं होतं ना?

काकू : पुढच्या वर्षी घेऊ. तुम्ही भाव करायला चला. तुमची ती गुडघ्याची तपासणी?

काका : पुढच्या वर्षी. दुखत नाही एवढा.

काकू : बरं.

काका : पलंग भिंतीला लावायचा नाही म्हणाला. अर्ध्यापर्यंत तरी नेऊया.

काकू : चला. मी या बाजूनं धरते.

काका : मी एकटा हलवतो.

काकू : मी नुसता हात लावते. सांगताना तुम्ही एकट्यानंच हलवला म्हणून सांगू.