डावा काठ, उजवा काठ

दातांच्या दवाखान्यात निवृत्त गुरुजी आपल्या नंबराची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर नणंद-भावजयीची उजळणी चालली होती. गुरुजींचा कान आपसूकच तिकडे गेला.

“वहिनी, शातो म्हणजे?”

“द्राक्षांचा मळा, आणि तिथंच वाइन करणारं घर.”

“शाब्बास! जन्मात थेंब चाखला नाहीस आणि बोर्दोची वाइन तोंडपाठ!”

“काय करू, वन्सं? लेक तिकडे फ्रान्समध्ये, तिथल्याच मळ्यात राबतो. फोनवर ‘जेवलास का?’ विचारलं की ‘हो’ म्हणतो, आणि पुढे दोघंही गप्प. मग ‘ठेवतो गं’.”

“बरं, नदीच्या डाव्या काठावर कुठली द्राक्षं जास्त?”

“मर्लो.”

“अगं, मर्लो उजव्या काठावर! डावीकडे काबर्ने. कालही इथंच घसरलीस.”

गुरुजींना राहवेना. हे लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती त्यांच्या अगदी ओठांवर आली.

“ठाऊक आहे मला, वन्सं.”

“मग?”

“मागच्या फोनला खरंच चुकले होते. तर केवढा हसला! ‘आई, असं नाही गं,’ म्हणाला, आणि नदी कुठून येते तिथपासून समजावत बसला. मी त्याला पाढे शिकवायची ना, अगदी तस्सा.”

“म्हणून आता मुद्दाम?”

“हो. पण आवाजावरून कळता कामा नये. लबाडी लगेच ओळखतो तो.”

गुरुजींनी युक्ती गिळली.

“आणि या वेळी काठ नीट समजावून मोकळा झाला, तर?”

“तर पुढच्या खेपेला शातो विसरेन.”