काटा हलतोय का, आई?

हॅलो?… हो, बोल आई… नाही, अजून काही नाही. कळा येतायत, जातायत. पाहुण्यासारख्या… काय बंद पडलं?… खोदायचं मशीन?

अगं, मला खिडकीतून दिसतंय ना. बकेट चिखलात टेकवून बसलीयस. मला वाटलं, चहा पितेयस.

हे बघ, डॉक्टरीणबाई आत्ताच सांगून गेल्या. इथली पाण्याची टाकी तळाला गेलीय. तो फुटलेला पाइप तू उघडा करून दिला नाहीस आणि पाणी सुरू झालं नाही, तर मला गाडीत घालून दुसऱ्या हॉस्पिटलात नेणार. त्या रस्त्यावरून. मी जाणार नाही. वाटेत पोर पडलं तर त्याचं नाव खड्डा ठेवायचं का?

बरं, सांग. बंद कशी पडली? गचके खात, की पटकन?… पटकन. दिवा विझावा तशी.

कोण बोलतंय मागून?… मुकादम? काय म्हणतोय?… डिझेलमध्ये कचरा. त्याला सांग, कचरा असता तर मशीन आधी खोकली असती, धापा टाकल्या असत्या. तुझं लक्ष आरपीएमच्या काट्यावर होतं का?… आधी काटा पडला आणि मग इंजिन गेलं? नक्की?… शाब्बास. आता सेल्फ मार आणि काट्याकडे बघ. फक्त काट्याकडे.

… ऐकलं मी. इंजिन फिरतंय, पेटत नाही. काटा हलतोय का?… शून्यावर झोपलाय. बास, सापडलं. स्पीडचा सेन्सर. इंजिन किती वेगात फिरतंय हे तो मशीनच्या कॉम्प्युटरला सांगतो. तो गप्प बसला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलंय, मग तो डिझेलच सोडत नाही… हो, तुझ्या नणंदेसारखा. कुणी बोललं नाही की जेवण बंद.

आता ऐक. चावी काढ. बॅटरीचा मेन बंद कर… आई, मेन बंद कर म्हटलं ना. मग मागचं झाकण उघड. हातोडा घेतलायस का?… खाली ठेव. मला माहितेय घेतलायस. खाली ठेव तो.

हां सिस्टर, दोनच मिनिटं. आईशी बोलतेय… नाही हो, बाळंतपणाचंच बोलतोय.

आई, इंजिनाच्या मागच्या अंगाला फ्लायव्हीलचं, त्या मोठ्या दातेरी चाकाचं, गोल घर आहे ना, त्यात अंगठ्याएवढा सेन्सर पेचात बसवलाय. वायर लागलीय बघ त्याला… तो ऑइलचा दाब बघणारा बल्ब. त्याच्या पलीकडे… हां, तोच. प्लग काढ, नट सैल कर आणि हाताने फिरवून बाहेर घे. फोन कुणाकडे तरी दे, चिखलात पडेल… तुझ्या जावयाला दे. तो काय करतोय तिथे?… उभा आहे. इथे थांब म्हटलं तर रक्त बघून चक्कर येते म्हणाला, आणि तिथे चिखलात उभा आहे. धर म्हणावं फोन, तेवढं जमेल.

… थांब आई. थांब. आली…

…

… हं. गेली. मोठी होती ही… नको, वर येऊ नकोस. तू वर आलीस तर खाली कोण? मुकादम? तो सेन्सर समजून तुझं स्टेअरिंग काढेल.

निघाला?… टोकावर काय आहे? लोखंडाचा चुरा, मिशीसारखा? फडक्याने पूस. आता भोकात टॉर्च मारून बघ, फ्लायव्हीलचा दात समोर आहे की दोन दातांमधली खाच?… दात. छान. सेन्सर हाताने आत फिरव, दाताला टेकला की थांब. मग किंचित मागे. एक फेरा, जास्त नको. चिकटून बसला तर दात त्याला खाऊन टाकतील, लांब गेला तर त्याला दिसणारच नाही. नट आवळ. प्लग लाव. मेन चालू कर, सेल्फ मार.

…

नाही?… काटा?… झोपलेलाच. शी.

नाही, मी रडत नाहीये. घाम आहे तो. विचार करू दे.

आई, मीटर आहे का डब्यात, मी ठेवलेला पिवळा?… असू दे ऑइलने माखलेला. मेन परत बंद कर. प्लग काढून सेन्सरच्या दोन्ही पिनांना मीटर लाव. आकडा येतो?… येतो, हलत नाही. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, आपण उगाच त्याच्यावर आळ घेतला. दुखणं वायरीत आहे. प्लगपासून वायर हाताने चाचपत जा. कुठे कडक लागते, कुठे चिकटते?…

कशाला बांधलीय?… सायलेन्सरच्या पाइपाला? नायलॉनच्या दोरीने? कुणी बांधली?

… आई.

… लोंबत होती म्हणून. बरं. लोंबू द्यायची होती, माझे आई. दोन्ही तारा वितळून एकमेकींच्या गळ्यात पडल्यात ना?… पडल्यात. इंजिन तापलं की बोलणं बंद.

आता भांडू नकोस, मीही भांडत नाही. जळका तुकडा काप. चारही टोकं सोल. रंगाला रंग जोडून पीळ घाल आणि प्रत्येक जोडाला वेगळी टेप लाव. दोन्हींना मिळून एकच पट्टी मारशील, ओळखते मी तुला. वेगळी. मग ती वायर पाइपापासून दूर, गार जागी बांध… बांध त्याच दोरीने, काय करणार.

आली परत… बोलू नको… तू कर, कर…

…

… झालं? मार सेल्फ.

… आई, काटा?

ऐकू येतंय. फोनमधूनही आणि खिडकीतूनही. काय सुंदर धूर काढतेय भवानी. खण आता. फोन जावयाकडून घे, खिशात ठेव, मला आवाज ऐकू दे.

…

सिस्टर, माझी आई आत आली तर चालेल?… हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय नाही? अहो, नळाला पाणी कुठंय? ते आणायलाच तर ती तिथे बसलीय.

… आई, ऐकलंस? सिस्टर म्हणतायत हात धुऊन ये. म्हणजे आधी पाणी आण… हसू नकोस, मला हसवू नकोस, दुखतं.

…

… आई? आहेस?… पाइप बसला? व्हॉल्व्ह उघडला? इकडे काही नाही… थांब. नळ खाकरतोय. हवा येतेय नुसती… लाल येतंय. लाल, चहासारखं… आता पांढरं.

आई, मशीन मुकादमाच्या ताब्यात दे आणि ये… नाही, मस्करी नाही करत. आता खरंच दुखतंय गं. ये तू.

हॅलो?… आई?

सिस्टर, तिनं ठेवला फोन. हा घ्या, कुठेतरी ठेवा… आणि दारात पायपुसणं टाका. जिन्यात गमबूट वाजतायत.