पोर्टल बंद पडलं तर

—नाही नाही, ती नको साहेब, तिचा पाय डुगडुगतो, ही खुर्ची घ्या. तर तुमचा प्रश्न काय, पोर्टल बंद पडलं तर? म्हणजे यंत्र कसं लावायचं, कुठला माल कुठे ठेवायचा, आग लागली तर आधी काय बंद करायचं — कंपनीची झाडून सगळी माहिती ज्यात आहे, तेच एका सकाळी गायब झालं तर? अहो, त्याचीच तर योजना केलीय! तुम्ही मुख्य कार्यालयातून आलात ते ती पास करायलाच ना? करा बाई लवकर. योजना पास झाली की माझी तीन महिन्यांची रजा मंजूर — लेक बाळंत व्हायचीय माझी, पहिलटकरीण, परक्या गावात. जावई आहे म्हणा, पण असून नसल्यासारखा — दूध गॅसवर ठेवतो आणि मोबाइल घेऊन बसतो.

हां, योजना. आधी विभागप्रमुखांना बोलावलं, म्हटलं, सगळंच बुडालं तर पहिलं कुणाचं वर काढायचं? झालं! विक्रीवाले म्हणे आमचं, हिशेबवाले म्हणे आमचं, त्याशिवाय तासभर चालायचं नाही म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला! यांनी कधी पोर्टल उघडलंय तरी? हिशेबवाल्यांना तर पासवर्डसुद्धा मीच सांगते. म्हटलं, बघूच — आणि एका सोमवारी कुणालाही न सांगता बंद करून टाकलं. सराव हो, सराव! मग दुसऱ्या इमारतीतल्या बॅकअपवरून परत उभं करायला गेले, तर बॅकअप निघाला अर्धाच — हसू नका, म्हणून तर सराव करायचा! नीट केलाय आता. आठ दिवस लागले, पण केला.

कामं अडली? छे! कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. कसं म्हणजे? माझा फोन होता ना! भट्टीवाला विचारतोय, झडप किती फिरवू — अर्धी, म्हटलं, आणि सावकाश. गोदामवाला विचारतोय, ही पिंपं उन्हात चालतील का — स्फोट करायचाय का, म्हटलं! तोंडाला साबण लावलेला, डोळे मिटलेले, आणि मी उत्तरं देतेय. तोंडपाठ आहे सगळं, पानन् पान मीच तर लिहिलंय. मोठ्या साहेबांना अजून पत्ता नाही पोर्टल बंद होतं याचा — आणि सांगू नका हं. खरं सांगू? बरं वाटलं मला. एरवी कोण विचारतं? म्हटलं, बघा, कंपनी कुणाच्या जिवावर चाललीय ते!

लिहा, लिहा, हे जरूर लिहा. पण एवढं काय लिहिताय? बघू — 'पोर्टल बंद पडल्यास पर्यायी व्यवस्था: बाई.' अहो, मी? आणि हे खाली काय — 'सदर बाईंना सलग एका दिवसाहून अधिक रजा देऊ नये.' — अहो साहेब! असं कसं? मी आपलं बोलण्याच्या भरात बोलले. अडली हो कामं, पुष्कळ अडली, विचारा कुणालाही — बरं, कुणाला विचारणार, कळलंच नाही ना कुणाला. खोडा ते. खोडा म्हणते ना! तिला शब्द दिलाय मी, कळा सुरू व्हायच्या आत येते म्हणून, ती वाट बघतेय माझी — सही केलीतसुद्धा?

'उत्तम योजना' म्हणे.

उठा. दार ओढून घ्या जाताना. मला लेकीला फोन करायचाय.