पंकजाची चौकशी आली तेव्हा

आटपाट नगर नव्हं बाई, आपला नगर जिल्हाच! तिथल्या कोरड्या मुलखात एक गाव, गावात चांगुणा नावाची म्हातारी, म्हंजे मीच, आन् माझी नात पंकजा. आन् आजबी लोक मलाच बोलत्यात, "म्हातारे, पोरीचं वाटुळं करीत हुतीस!" आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

तुमाला सांगते, पोरीनं होमगार्डचा फारम भरला. उसतोडीला जायची न्हाई म्हनली, कोयता धरायची न्हाई, खाकी घालीन! नगरला जाऊन पळाली, गोळा फेकला, पास झाली. ऱ्हायली फकस्त चारित्र्य पडताळनी... म्हंजे पोलिसानं गावात येऊन इचारायचं, पोरीवर गुन्हा-बिन्हा हाय का. पन ते आमाला आधी सांगायला नगं?

मी आपली वट्यावर शेंगा फोडीत बसलेली, तर फटफटी थांबली. भागवत हवालदार. "मावशी, पंकजा कुठं राहते?"

आता आमच्या गावाची रीत काय? पोलिसानं ज्याचं नाव घेतलं, त्यो गावात न्हाईच! वाडवडलापासनं चालत आलंय. मी म्हनलं, "कोन पंकजा? मला बाई डोळ्यानं दिसत न्हाई."

"अहो, डोळ्यांचा काय संबंध?"

"कानानंबी ऐकू येत न्हाई!"

शेजारची सुरेखा लई हुशार, पळतच आली. "पंकजा व्हय? ती लगीन करून सुरतेला गेली की!" तेवढ्यात दुकानातनं भिमाजी वरडला, "कोन, पंकजा? बिचारी ल्हानपनीच वारली!" केवढं एकोप्याचं गाव आमचं! माझं काय चुकलं, सांगा!

झालं... हवालदारानं कळवलं, अर्जदार गावात राहत न्हाई. पंकजानं जेवन सोडलं. "आजी, उसतोडीच्या टोळीचा ट्रक आला की तूच चढ त्याच्यात!"

मग काय, गेले पोरीला घेऊन ठाण्यात. भागवत म्हनतो, "काय मावशी, आज ऐकू येतंय वाटतं? आन् ही कोण? सुरतेची का वारलेली? हिच्या वागणुकीची खात्री कोण देणार? तुमच्या गावाचा शब्द आता मी घेणार नाही."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. आन् कोपऱ्यात कोन बसलेलं? छगन! माझा धाकला ल्योक, पंकजाचा सख्खा चुलता. हातभट्टीपायी त्या दिशीच उचलून आनलेला. त्यो ताडकन् उठला, "साहेब, हीच ती पंकजा! मी देतो खात्री! हिनंच ठाण्यात फोन करून दोनदा माझी भट्टी फोडायला लावली! सख्ख्या चुलत्याला सोडलं न्हाई भवानीनं!"

अगं बाई! आन् मी येडी, चुगली भावकीनंच केली म्हनून समद्या भावकीला शिव्या देत फिरत हुते!

भागवत पोट धरून हसला. म्हनला, "यापेक्षा चांगलं चारित्र्य मी पाहिलं नाही." जागच्या जागी शिक्का!

दसऱ्यामागं टोळीचा ट्रक गेला, आन् आमची पोर इस्तरीची खाकी घालून दारात उभी. छगनबी भट्टी मोडून शेळ्या राखाया लागला. करतो काय, घरातच पोलीस!

परवा जत्रेत मी आपली दर्शनाला फुडं घुसले, तर कानाशी शिट्टी! "आजी, रांगेतनं या." म्हनलं, "अगं, सख्खी आजी हाय तुझी!" तर म्हनती, "म्हणूनच आधी तुलाच सांगते, म्हंजे बाकीचे आपोआप ऐकतील."

गेले मागं, पार शेवटाला. आता काय करता... सुख आलं बाई घराला, पन शिट्टी वाजवीत आलं!