दुपट्यातला चेहरा

बायको: दार नीट ओढा ना. फटीतून उजेड येतोय.

नवरा: ओढलंय गं. न्हाणीघराचं दार आहे, तिजोरीचं नाही. खालचं ते फडकं सरकव पायाने. हां, बास.

बायको: या लाल दिव्यात तुमचं तोंड अगदी चोरासारखं दिसतं.

नवरा: आणि तुझं चोराच्या बायकोसारखं. चिमटा कुठाय?

बायको: हा काय, तुमच्या नाकासमोर. मस्करी पुरे हो. आजचा फोटो मस्करीचा नाही.

नवरा: बरं. चल, कागद सोडतो. पहिला डेव्हलपरचा ट्रे माझा, मधल्या पाण्यापासून पुढे तू. नेहमीसारखं.

बायको: हे मला सांगताय? अख्ख्या गावाची लग्नं मी पाण्यातून काढून पुढे हायपोत घालून पक्की केलीत. नवरदेव तेवढे विसरले मला.

नवरा: बोलू नकोस, बघ. आलं.

बायको: कुठे? हां... हां हां, आलं! पांढरं काय आहे हे?

नवरा: नर्सबाईंची बाही. त्यांनी पोरीला उचलून धरलं होतं खिडकीपाशी. मीच म्हटलं, बाई, जरा खिडकीपाशी धरा.

बायको: अगंबाई, दुपटं! माझ्या हातचं दुपटं आहे हो हे. ही बघा किनार, टाके तिरके गेलेत. शेवटी शेवटी बसवत नव्हतं, आडवी पडून शिवलं होतं मी.

नवरा: दिसतंय.

बायको: आणि ती? ती कुठाय?

नवरा: थांब जरा.

बायको: दुपट्याच्या आत काळंच येतंय नुसतं. अहो, अजून काळं होतंय, काढा ना बाहेर!

नवरा: काढून काय होणार? घे, पाण्यात घाल. दुसरा करतो. या खेपेला तोंडावर हाताची सावली धरतो, तेवढीच जागा कमी काळी पडेल.

बायको: धरा. नीट धरा. हात कापतोय तुमचा.

नवरा: तू बघू नकोस माझ्या हाताकडे, जास्तच कापतो. हं... झालं. टाकला. आता बघ.

बायको: बाही आली. किनार आली. मधे... हे काय?

नवरा: करडं आलंय.

बायको: करडं म्हणजे काय? कणकेचा गोळा ठेवल्यासारखं दिसतंय. डोळे नाहीत, नाक नाही. एवढ्यासाठी मी उभा जन्म थांबले होते का?

नवरा: बल्ब लाव. कागदाची पेटी बंद केलीय, लाव तू.

बायको: लावला. काय करताय?

नवरा: निगेटिव्ह बघतो उजेडात. तिच्या मागून खिडकीचा उजेड, आणि मी मूर्ख, त्याच उजेडाच्या मापाने फोटो घेतला, तिचं तोंड राहिलं अंधारात. एवढी वर्षं धंदा केला, लोकांच्या पोरांना टाळ्या वाजवून हसवलं, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी कुठल्याही पोराटोराने केली नसती ती चूक केली.

बायको: मी कधी बोलले का तुम्हाला?

नवरा: नाही बोललीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

बायको: काय बोलणार? मी शुद्धीवर आले तेव्हा तुम्ही तिला मातीत ठेवून, सगळं उरकून आला होतात. पायरीवर बसून चपलेची माती काढत होतात. मी विचारलं, कशी होती हो? तुम्ही म्हणालात, फोटो घेतलाय.

नवरा: हं.

बायको: मला तेवढाच आधार होता. वाटायचं, आहे ना पाकिटात, कधीही बघता येईल. आता थोरला मुलगा आपल्याला न्यायला येतोय, ही खोली भाड्याने जाणार, तुमचं हे एन्लार्जरचं धूड भंगारात जाणार, तेव्हा जीव राहीना. नाहीतर अजूनही विचारलं नसतं.

नवरा: इकडे ये. चष्मा लाव. हे बघ, दुपट्याच्या आत.

बायको: काही नाही.

नवरा: तिरकं धर. केसाएवढी रेघ आहे बघ. पापणी आहे ती.

बायको: ...आहे हो. आहे! आणि खाली ओठ ना? अहो, आहे की ती!

नवरा: आहे, पण फार पातळ. कागदावर उतरण्याएवढा जोर नाही तिच्यात.

बायको: मग जोर आणा.

नवरा: एक उपाय आहे. मी फारतर दोन-तीनदा केला असेल, तोही परक्यांच्या निगेटिव्हवर. एका पिवळ्या पाण्यात ती बुडवायची. सगळं चित्र फिकं पडतं, पार गेल्यासारखं वाटतं. मग साधं पाणी, आणि मग पुन्हा डेव्हलपर. त्यात चित्र परत येतं, आधीपेक्षा दाट.

बायको: आणि नाही आलं तर?

नवरा: तर नाही आलं.

बायको: करा.

नवरा: अगं, एकच आहे ती. अशीच जपून नेऊ. थोरल्याच्या गावी कुणी जाणकार भेटेल.

बायको: जाणकार भेटेस्तोवर मी राहीन का? करा म्हणते ना.

नवरा: बरं. तो पिवळा डबा दे. हातमोजे कुठे ठेवलेस? जाऊ दे. हं, घातली. बघ, फिकी पडतेय.

बायको: आई गं. गेली की ती!

नवरा: गेली नाही. आत आहे, पांढरी होऊन बसलीय. घाबरू नको. आता पाण्यात... आणि तू धर चिमटा. माझा हात फार कापतोय, ओरखडा पडायचा. मी नळाखाली हात धुतो, पिवळे झालेत. पाण्यात चांगली खळबळ, पिवळेपणा जाऊ दे, मग डेव्हलपरमध्ये सोड.

बायको: हो. ये गं बाई. ये. आई आहे इथे. ...सोडली.

नवरा: हलवत राहा. येतंय का?

बायको: बदलतंय काहीतरी. पांढरेपणा निघतोय.

नवरा: निघू दे. काळं येईल आता.

बायको: काळं नाही हो. छान स्वच्छ होतेय. काचेसारखी.

नवरा: स्वच्छ? स्वच्छ कशी होईल? कुठल्या ट्रेत आहे?

बायको: हा काय, पाण्याच्या पुढच्या.

नवरा: पुढच्या?

बायको: पाण्यातून काढली आणि पुढच्या... अहो. अहो, हा हायपो आहे.

नवरा: काढ! दे इकडे. दे, दे!

बायको: आहे ना? थोडी तरी राहिलीय ना?

(नवरा निगेटिव्ह नळाखाली धुतो, मग बल्बसमोर धरतो.)

नवरा: फिकं पडलेलं चित्र हायपोत गेलं, की धुऊनच जातं.

बायको: मागच्या ट्रेत घालायची होती. तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं पण होतं. पण पाण्यातून मागे मी कधी गेलेच नाही हो. माझा हात आपोआप पुढेच गेला.

नवरा: तो ट्रे मी ओतून द्यायला हवा होता. मांडून ठेवला तुझ्यासमोर. माझं चुकलं.

बायको: तुमचं कसं? हात माझा होता. तिला मांडीवर घेतलं नाही, पाजलं नाही, आणि आता मीच या हाताने...

नवरा: गप. खाली बस आधी. इथे, बादलीवर बस.

बायको: पापणी होती हो. आत्ता बघितली मी.

नवरा: होती.

बायको: आता तुम्हीच राहिलात. तुम्ही बघितलंय तिला.

नवरा: संध्याकाळपर्यंत बघत होतो.

बायको: मग सांगा. आजवर एका शब्दाने सांगितलं नाहीत. कशी होती?

नवरा: गोरी. तुझ्यावर गेलेली.

बायको: असं नको. असं कुणीही सांगेल. नीट सांगा.

नवरा: केस दाट होते. कपाळावर पार भुवयांपर्यंत आलेले. हनुवटी लहानशी, आणि मधे जराशी चीर. झोपेत खालचा ओठ आत ओढायची.

बायको: अजून?

नवरा: एक कान दुपट्याबाहेर आला होता. उजवा. त्याच्या पाळीला बारीकशी खाच होती, कुणी नखाने दाबल्यासारखी. मला वाटलं लागलंय, तर नर्सबाई म्हणाल्या, नाही हो, जन्माचीच आहे.

बायको: उजव्या पाळीला?

नवरा: हो. अगदी डोळ्यांसमोर आहे माझ्या.

बायको: अहो... ही खाच तर आपल्या थोरल्याच्या कानाची. तुम्ही सांगताय तो आपला थोरला झाला.

नवरा: हो का गं?