ऋषीचे पाचू

मी, हर्षाली रामनाथ भिसे, वय २६ वर्षे, धंदा नोकरी (औषधांच्या दुकानात), रा. येडगाव, ता. जुन्नर, जि. पुणे. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी, आई साळुबाई व भाऊ ऋषी, वय २२, असे राहत होतो. वडील हयात नाहीत. ऋषी सैन्यभरतीची तयारी करत असताना आंबे उतरवायला झाडावर चढला, तेथून पडला व कमरेखाली लुळा झाला. तेव्हापासून तो खाटेवरच असे. त्याला कुशीवर वळवणे, पडून राहून पाठीला झालेल्या जखमेची पट्टी बदलणे हे आई करत असे.

ऋषी मोबाईलवर एक ऑनलाइन गेम खेळत असे. त्यात जमीन खोदून हिरे, पाचू शोधायचे व त्यातून वस्तू, घरे बांधायची असतात. हिरे फार खोल, उकळत्या लाव्हारसाच्या कडेला मिळतात. "ताई, हितं घाई केली की जळून मरतो माणूस," असे तो मला समजावून सांगे. पाचू उंच डोंगरात, तेही एखाददुसराच. असे पाचू जमवून त्याने गेममध्ये लेण्याद्री उभी केली. खालपासून सगळ्या पायऱ्या, वर पाचूचा गाभारा. पूर्ण झाली त्या दिवशी त्याने आईला जवळ बसवले व "आई, चल, वर जाऊ," म्हणून स्क्रीनवर तिला पायऱ्या चढवत नेले. वर पोचल्यावर आईने मोबाईलला हात जोडले.

गेममध्ये त्याचा 'तूफानभाई' नावाचा जोडीदार होता. तो हेडफोनवर हिंदीत बोले. त्याचे खरे नाव, गाव आम्हाला माहीत नाही. ऋषी अंथरुणावर आहे हे त्याला माहीत नव्हते. "मी रोज धावायला जातो," असे ऋषी त्याला सांगताना मी ऐकले आहे. विश्वासाने ऋषीने त्याला आपल्या जागेत ये-जा करण्याची व जमवलेले हिरे, पाचू ठेवलेल्या पेट्या उघडण्याची परवानगी दिली होती.

मागील महिन्यात मी कामावरून घरी आले तेव्हा ऋषी मोबाईल छातीवर पालथा ठेवून पडला होता. मी पाहिले असता पेट्या रिकाम्या, गाभारा फोडून नेलेला, पायऱ्यांवर लाव्हा ओतलेला. परवानगी एकट्या तूफानभाईलाच होती. मी म्हणाले, "ऋषी, गेमच हाय ना. परत बांधू." तो म्हणाला, "तुझ्यासाठी गेम व्हता, ताई. मी तिथं चालत व्हतो."

त्यानंतर तो जेवेनासा झाला. आईला कुशीवर वळवू देईना, पट्टीला हात लावू देईना. "राहू दे गं," एवढेच म्हणे. ताप चढला. दवाखान्यात नेले. जखमेचे विष रक्तात गेले असे डॉक्टरांनी सांगितले. तेथेच तो वारला.

आपण मला गेलेल्या मालाचे वर्णन विचारले. पाचू, हिरे असे मी सांगितले. पावती विचारली. पावती नाही. याला चोरी म्हणता येते का, हे मला सांगता येणार नाही.

दहाव्यानंतर मी ऋषीच्या मोबाईलवरून तूफानभाई नावाच्या त्या इसमाला लिहिले की, मी ऋषीची बहीण आहे, ऋषी वारला. त्याचे उत्तर आले, "झूठ मत बोल भाई. पत्थर वापस नहीं मिलेंगे." पुढे हसण्याची चित्रे होती. मी परत लिहिले. त्याने परत तेच पाठवले. मग त्याने आम्हाला ब्लॉक केले.

आई सोबत आलेली नाही. ती अजून ऋषीला वळवायच्या वेळेला उठून खाटेपाशी जाते.

पाचू परत मिळावेत अशी माझी मागणी नाही. त्या इसमाचा शोध घेऊन त्याला पोलिसांकडून कळवावे की ऋषी खरोखर मेला आहे. माझ्या सांगण्यावर तो विश्वास ठेवत नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे.